वऱ्हाडाची वही

वऱ्हाड पुण्यात आलं की त्याची जबाबदारी मुलीकडच्यांची, हे आमच्या नारायण पेठेत कुणाला सांगावं लागत नसे. पाहुण्याने फक्त यायचं. उतरायचं कुठे, आंघोळीला पाणी कधी तापेल, मुहूर्त कितीचा, संध्याकाळी तुळशीबागेत जायचं तर सोबत कोण, यातलं काही त्याने विचारायचं नाही. त्याला विचारावं लागलं तर तो यजमानाचा कमीपणा. आज लग्नाच्या पत्रिकेपाठोपाठ मोबाइलवर सूचनांची पानंच्या पानं येतात: हॉटेल कोणतं, खोली किती वाजता मिळेल, हळदीला कोणत्या रंगाचे कपडे घालायचे, विमानतळावर गाडी कुठे उभी असेल. डेस्टिनेशन वेडिंग आलं आणि त्याबरोबर हे आलं, असं सगळे समजतात. मला ते पटत नाही. ही माहिती पूर्वीही लागत होतीच. ती पाहुण्याच्या हातात नसे, यजमानाच्या वहीत असे, एवढाच फरक. तशी एक वही माझ्याकडे आहे.

वही माझ्या आजोबांची. लाल कापडाचा पुठ्ठा, वरून दोऱ्याने बांधलेली. पहिली पानं मोडीत आहेत, पुढची बाळबोधीत. घरातल्या प्रत्येक लग्नाची तयारी तीत लिहिलेली आहे, आणि आजोबांनंतर वडिलांनी ती चालू ठेवली. खर्चाचे आकडे आहेतच, पण मला त्यांचं फार अप्रूप नाही. जुन्या हिशेबाच्या वह्या पेठेतल्या कितीतरी घरांत निघतील. मला मोलाची वाटतात ती वऱ्हाडाची पानं.

अशी लेखी तयारी पुण्याला नवी नव्हती. तिचा सगळ्यांत गाजलेला दाखला १७८३ च्या फेब्रुवारीतला, सवाई माधवराव पेशव्यांच्या लग्नाचा. ज्या नारायणरावांच्या नावाने आमची पेठ आहे, त्यांचा हा मुलगा. वडिलांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला आणि मुलगा पुढच्या एप्रिलमध्ये पुरंदरावर जन्मला; लग्नात त्याला नऊ वर्षंही पुरी झाली नव्हती. नवरी थत्त्यांची रमाबाई. नाना फडणवीसांनी या लग्नाच्या कामांची लेखी वाटणी करून दिली होती: पाहुण्यांची सरबराई कोणी करायची, पंक्तीत कसं वाढायचं, बंदोबस्त कोणाकडे. दौलतीचा कारभारी पंगतीच्या वाढपाचा विचार करतो यात मला नवल वाटत नाही. पाहुणा उपाशी उठला किंवा त्याला खालच्या जागी बसवलं, तर त्याचे पडसाद दरबारात उमटत. आमच्या घरी दरबार नव्हता, पण व्याही होते.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडाचं निघणं ही मोहीमच होती. बैलगाड्या, घोडी, म्हाताऱ्या माणसांना मेणा, वाटेतल्या देवळांत मुक्काम. एवढ्या लांबून आलेली माणसं एक वेळ जेवून परत जाणार नव्हतीच, म्हणून लग्न चार-पाच दिवस चाले. १८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, पण मुंबईकराला बोरघाट पालखीत किंवा तट्टावर बसूनच चढावा लागे. १८६३ साली घाटातली लाईन पुरी झाली आणि मुंबईचं वऱ्हाड डब्यात बसून थेट पुणे स्टेशनावर उतरू लागलं. मिरज-सांगलीकडची मंडळी मीटर गेजच्या गाडीने येत; ती लाईन रुंद व्हायला १९७० नंतरचा काळ उजाडला. गाडीचं वेळापत्रक आलं आणि पाहुण्याच्या माहितीत पहिल्यांदा घड्याळ शिरलं.

या घड्याळाचा एक घोळ आज कुणाच्या लक्षातही नाही. १९०६ पासून देशाला एकच स्टँडर्ड टाइम लागू झाला, पण मुंबईने आपला मुंबई टाइम सोडला नाही. तिथल्या महापालिकेने तो १९५५ पर्यंत चालवला. मुंबईचं घड्याळ स्टँडर्डपेक्षा ३९ मिनिटं मागे. म्हणजे गिरगावातल्या पाहुण्याने आपल्या मनगटावरच्या घड्याळावर विसंबून मांडवात पाय ठेवावा, तोवर मंगलाष्टकं होऊन अक्षता पडलेल्या असायच्या. आजोबांच्या वहीत मुंबईच्या प्रत्येक नावापुढे ‘स्टँ. टा. सांगणे’ असा शेरा आहे, आणि आत्याच्या पत्रिकेत मुहूर्ताच्या आकड्यापुढे कंसात तीच दोन अक्षरं छापलेली आहेत.

मुहूर्त खरा मोजायचा तो मात्र घटिकापात्रावर. तांब्याची लहानशी वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. घंगाळातल्या पाण्यावर ती अलगद सोडायची. पाणी खालून थेंबाथेंबाने चढतं, वाटी कलते, काठ ओला होतो आणि २४ मिनिटांनी ती एकदम तळाला जाते. ती एक घटिका. भटजी ते पात्र स्वतः घेऊन येत, आणि घरातल्या एका मुलाला त्याच्यापाशी नुसतं बघत बसायचं काम असे. तोच मुलगा ‘बुडाली’ म्हणून ओरडे. माझ्या वडिलांनी लहानपणी हे काम केलं होतं आणि म्हातारपणीही ते अभिमानाने सांगत.

मुहूर्ताआधी पंचांगाचा प्रश्न. केसरीची कचेरी असलेला गायकवाड वाडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, लोकमान्यांनी तो १९०५ साली घेतला. टिळक पंचांग मानणारी घरं आमच्या ओळखीत होती. सोलापूरचं दाते पंचांग १९१६ पासूनचं. दोन्ही पंचांगांत अधिक महिना कधी कधी वेगळा येतो, आणि एका व्याह्याचा शुद्ध महिना दुसऱ्याचा अधिक निघाला की तारीख ठरायलाच पंधरा दिवस जात. पत्रिका छापायला टाकण्याआधी व्याह्यांचं पंचांग विचारणं ही वहीतली पहिली नोंद आहे.

आता आत्याच्या लग्नाचं पान. साल १९३८, महिना वैशाख, वऱ्हाड सांगलीचं. जानवसघर समोरच्या वाड्यात. तिथल्या तीन बिऱ्हाडांनी आपल्या पुढच्या खोल्या रिकाम्या करून दिल्या होत्या आणि स्वतः मागच्या पडवीत झोपली होती. भाड्याचा प्रश्न नव्हता, त्यांच्या घरचं कार्य निघालं की आमच्या खोल्या रिकाम्या होत. गाद्या कोणाकडून किती, तांब्या-भांडी कोणाची, कशावर कोणाचं नाव कोरलेलं, हे सगळं टिपलेलं आहे, कारण परत करताना घोटाळा नको. पाणी तापवायचे बंब दोन. न्हावी पहाटे पाचला. परीट दोन दिवस. राखुंडी, दंतमंजन, खोबरेल, उटणं. पानाचं तबक, अडकित्ता, चुना ओला आहे का ते सकाळ-संध्याकाळ बघणे.

त्याखाली वऱ्हाडातल्या माणसांची यादी. तीन रकाने: नाव, नातं आणि ‘काय लागतं’. हा तिसरा रकाना मी कितीदा वाचला असेन. मुलाचे काका: चार वाजता उठतात, चहा तेव्हाच. मुलाची आजी: सोवळ्यातलं, पाणी स्वतः भरणार, घागर वेगळी ठेवावी. धाकटी काकू: दिवस भरत आलेत, जिना नको. एक मावसभाऊ: कान फुटतो, वाऱ्यात गादी नको. व्याही: तंबाखू आपली आणतात, तरी विचारावं. ही माहिती आजोबांनी कुठून आणली? मध्यस्थाला पत्र घालून, आणि सांगलीत दिलेल्या एका लांबच्या बहिणीकडून. मांडवात पाऊल टाकण्याआधीच त्या मावसभावाच्या कानाची काळजी नारायण पेठेत सुरू झाली होती.

वऱ्हाड आलं की सीमांतपूजन. मुळात गावाच्या शिवेवर वराचं स्वागत करायचा हा विधी. आमच्याकडे तो पत्र्या मारुतीच्या देवळात होई. पेठेत पत्ता तरी दुसरा काय सांगणार? घराचे नंबर पेठेच्या जुन्या मोजणीचे, रस्त्याच्या क्रमाने लागतच नाहीत. शेजारच्या दोन दारांत शंभराचाही फरक असू शकतो. म्हणून टांगेवाल्याला सांगायचं ते मोदी गणपती, माती गणपती, मुंजाबाचा बोळ. ज्याला या खुणा ठाऊक नाहीत त्याच्यासाठी स्टेशनावर माणूस उभा असे. वहीत त्या माणसाचं नाव आणि त्याच्या डोक्यावर कोणती टोपी असेल तेही आहे, कारण तसं व्याह्यांना कळवलेलं होतं.

पंगतीचं पान वेगळं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, अळूचं फतफतं, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. पाहुण्याने आग्रहाला नको म्हणायचं आणि वाढणाऱ्याने ते मानायचं नाही, ही दोघांनाही ठाऊक असलेली रीत. वरचेवर अन्न टाकलं जाई, हे मला आवडत नाही, आणि वडिलांनाही आवडत नसे.

हे सगळं वाचून आमच्या घरातल्या तरुण मुली म्हणतात, किती प्रेमाने करायचे! प्रेम होतं, पण वहीचं शेवटचं पानही वाचायला हवं. तिथे ‘नाराजी’ असा मथळा आहे. कोण रुसलं, का रुसलं, कशाने समजूत पटली. मुलाच्या आत्याला पाट भिंतीकडचा मिळाला. करवलीची साडी व्याह्यांच्या पसंतीची नव्हती. वऱ्हाडातल्या एकाला टांग्यात मागे बसवलं. मुलीच्या बापाच्या पोटात किती भीती होती, ते या पानावर दिसतं. पाहुण्याचं एकूण एक माहीत असणं हे बरंचसं त्या भीतीतून आलेलं होतं. आणि यादीतला तिसरा रकाना फक्त वरपक्षासाठी होता. आमच्या आजीला त्या चार दिवसांत काय लागत होतं, ते कुठेही लिहिलेलं नाही.

या भीतीला पुण्यातच उत्तरही शोधलं गेलं होतं. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिलं लग्न याच शहरात लागलं: पुरोहित नाही, हुंडा नाही, मानपानाचा थाट नाही. त्याच्या आधी, १८६९ च्या जूनमध्ये मुंबईत पांडुरंग विनायक करमरकर आणि वेणूबाई यांचा पुनर्विवाह झाला तेव्हा त्यावरून पुण्यात शंकराचार्यांपुढे वाद रंगला आणि पुनर्विवाहाच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांवर बहिष्कार आला. न्यायमूर्ती रानडे त्यांत होते. अशा लग्नाला जायचं की नाही, हे ठरवायला पाहुण्याला हिंमत लागे. आमच्या पेठेतली बहुतेक घरं तेव्हा गेली नसती, हे मला स्वच्छ दिसतं.

वाड्यातली लग्नं बंद पडायला मात्र सुधारणेपेक्षा पाण्याने जास्त हातभार लावला. १९६१ च्या १ जुलैला हुंडाबंदीचा कायदा लागू झाला आणि त्याच महिन्याच्या १२ तारखेला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. नारायण आणि शनिवार पेठेतले मातीचे वाडे भिजून बसले. मी तेव्हा शाळेत होते. आम्ही चढावर पळालो, म्हणून वाचलो. वही माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होती, म्हणून वाचली. समोरचा वाडा, जिथे आत्याचं वऱ्हाड उतरलं होतं, त्याच्या पुढच्या खणांची भिंत आडवी झाली. तिथली बिऱ्हाडं पुढे पूरग्रस्तांच्या वसाहतींत गेली. ज्यांच्या खोल्या मागायच्या ती माणसंच पेठेत उरली नाहीत.

कार्यालयं त्याआधीही होती, पण यानंतर ती सवयीची झाली. सदाशिव पेठेतलं उद्यान कार्यालय असो की आमच्याकडची लहान कार्यालयं, व्यवस्था सारखी: आदल्या संध्याकाळी ताबा, दुसऱ्या संध्याकाळी रिकामं. जानवसघर आक्रसून एका खोलीचं झालं आणि तिच्या दारावर ‘वरपक्ष’ अशी पाटी लागली. तरीही वही चालू राहिली. वडिलांच्या हातची पानं आहेत. १९४८ च्या १ जूनला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, आणि काही वर्षांत वऱ्हाडं एसटीने येऊ लागली. आख्खी गाडी ठरवायची त्याला महामंडळाच्या भाषेत प्रासंगिक करार. वडिलांनी लिहिलं आहे: ड्रायव्हर-कंडक्टरची दोन पानं पहिल्या पंगतीत, त्यांना परतायचं असतं. साखरेची टंचाई असताना पत्रिका दाखवून रेशनवर जादा साखर कशी मिळवली, तेही आहे. लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आम्ही पुण्यात पाहिलं तेव्हा वडील मनमुराद हसले; घरी येऊन म्हणाले, एवढ्या लांबच्या वऱ्हाडाची यादी करायला मजा आली असती.

त्यांच्या पश्चात मी एकदाच वहीत लिहिलं, २०२१ च्या एप्रिलनंतर. तेव्हा राज्याच्या आदेशाप्रमाणे लग्न दोन तासांत उरकायचं होतं आणि माणसं पंचवीसच. कोणाला बोलवायचं नाही याची यादी मी केली, आणि प्रत्येकाला स्वतः फोन केला. त्या फोनांवर कुणी रुसलं नाही.

यंदा डिसेंबरात माझ्या नातीचं लग्न पेठेतल्याच कार्यालयात आहे. मुलगा परदेशात वाढलेला, पाहुणे तीन देशांतून येणार. त्यांच्या दृष्टीने नारायण पेठ हेच डेस्टिनेशन. नातीने सूचनांचं पान केलं होतं. त्यात हॉटेल होतं, कपडे होते, नकाशा होता. मी म्हटलं, आता पेठेचं लिही. आणि आम्ही दोघींनी बसून लिहिलं. गाडी घेऊन लक्ष्मी रस्त्यावर येऊ नये, रस्ता एकेरी आहे आणि उभी करायला जागा नाही. मेट्रोने डेक्कनला उतरून लकडी पुलावरून चालत यावं. भिडे पूल सोयीचा, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बुडतो. डिसेंबरात चिंता नाही, जूनच्या लग्नांना आहे. पत्रिकेवर ११ वाजून ४७ मिनिटं असली तर ती तशीच धरावीत. पुण्यात मुहूर्त पाहुण्यासाठी थांबत नाही. अक्षता वाटायला येतील त्या मुठीत धराव्यात, ‘सावधान’ ऐकू आलं की टाकाव्यात, आणि वधूवरांच्या डोळ्यांवर मारू नयेत. चपला हॉलच्या दारात काढाव्यात; कोपऱ्यातल्या फळीवर ठेवल्या तर परत मिळतात. नारायणपेठी साडी घेऊ इच्छिणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी, पण तिचं गाव तेलंगणातलं नारायणपेठ आहे, आमची पेठ नव्हे. जेवल्याशिवाय जाऊ नये.

मग मी तिसरा रकाना घालायला लावला. काय लागतं? प्रत्येक पाहुण्याला हा एक प्रश्न, आणि उत्तरासमोर आमच्या घरातल्या एका माणसाचं नाव आणि फोन. नात म्हणाली, आजी, असं कोण भरून पाठवतं? सगळ्यांनी पाठवलं. शेंगदाण्याची ॲलर्जी. जिना नको. बाळाला दुपारी झोपवायला अंधारी खोली. रात्री औषधाला थंड पेटी. या वेळी प्रश्न दोन्हीकडच्या माणसांना गेला, म्हणून नवरीच्या आईचंही उत्तर आलं: गुडघे दुखतात, कन्यादानाला पाट नको, खुर्ची हवी. कार्यालयाच्या व्यवस्थापकांना मी खुर्ची सांगून ठेवली आहे, आणि भटजींनाही कळवलं आहे.